कोरसताईचा डावा कान

स्टुडिओत तिला सगळे कोरसताई म्हणायचे. मोठा गायक काचेपलीकडच्या खोलीत एकटा उभा राहायचा, आणि ही बाकीच्या बायकांबरोबर एका माईकभोवती अर्धगोल करून 'आ' आणि 'ओ' म्हणायची. कधी शब्दांच्या दोन ओळी वाट्याला आल्या तर ती चैन. गाणं बाजारात आलं की घरातले विचारायचे, यात तू नक्की कुठे आहेस? ती म्हणायची, मी नसते तर कळलं असतं. यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. शेजारणीच्या सुरात आपला सूर असा मिसळायचा की जोड दिसता कामा नये, हे काम तिला मनापासून आवडायचं.

मग एका सकाळी ती उठली ती उजव्या कानात कुणीतरी कापूस कोंबल्यासारखी. तिला वाटलं सर्दी असेल. गरम वाफ घेतली, कान चोळून पाहिला, आणि दुपारी फोन उजव्या कानाला लावला तर पलीकडे चिडीचूप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, यंत्रावर तपासणी केली, आणि शेवटी सांगितलं की कानाची नस गेली आहे, ती परत येईल या आशेवर राहू नका. डावा कान मात्र ठणठणीत होता.

तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. दिवसभर बंद पडलेल्या पेट्यांवर चढून काम करणारा तो माणूस मुळातच कमी बोलायचा. त्या दिवशी डॉक्टरांकडून घरी येताना तो म्हणाला, "आता माझं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची तुझी सोय गेली." ती हसली, आणि हसता हसताच रडली.

स्टुडिओत तिनं कुणाला काही कळू दिलं नाही. पण कोरसमध्ये गाणाऱ्या बाईला शेजारणीचा आवाज ऐकू येणं म्हणजे अंधारात कठडा सापडण्यासारखं असतं, आणि तिचा अर्धा कठडाच नाहीसा झाला होता. उजवीकडची बाई काय गातेय ते कळेना. एकदा सूर हलला, पुन्हा हलला. संगीत संयोजक भला माणूस. तो सगळ्यांसमोर काही बोलला नाही, बाजूला घेऊन म्हणाला की थोडी विश्रांती घ्या. त्या विश्रांतीनंतर त्याचा फोन आला नाही. येणार नाही हे तिलाही माहीत होतं.

आता तिनं काय करावं? शिकवण्या घे, असं बहिणीनं सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, घरात बैस जरा, इतकी वर्षं पायाला भिंगरी लावून फिरलीस. पण कोरसताईच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चाली गाताना तिच्या मनात कितीदा आलं होतं की इथे ही ओळ खाली यायला हवी होती, इथे श्वासाला जागाच ठेवलेली नाही. स्वतःच्या चालीही सुचायच्या, पण त्या भांडी घासताना सुचायच्या आणि नळ बंद केला की वाहून जायच्या. आता त्या धरून ठेवायच्या असं तिनं ठरवलं. चाली बांधायच्या, शब्द लिहायचे, घरीच ध्वनिमुद्रण करायचं आणि गाणी विकायची.

नवऱ्यानं कुठूनसा जुना संगणक आणला. कपाटामागच्या कोपऱ्यात टेबल मावलं, भिंतीला जुनी गादी टांगली आणि तिचा स्टुडिओ उभा राहिला. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सूनबाई दिवसभर मिक्सिंग करते, आणि घरातला मिक्सर मलाच लावावा लागतो."

पहिलं गाणं तिनं जीव ओतून केलं. चाल वरच्या टोकाला जायची, तिथून गिरक्या घेत खाली यायची, मध्येच वळण बदलायची. ते घेऊन ती एका संगीत कंपनीत गेली. तिथल्या मॅडमचं काम नवी गाणी निवडण्याचं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण आत्ता संपलं ना, यातलं मला काहीच गुणगुणता येत नाहीये. तुम्हाला गाता येतं हे कळलं. लोकांना काय गाता येईल?"

कोरसताईला ते झोंबलं. घरी जाऊन तिनं दार जरा जोरातच लावलं. बाजारू चाल हवी आहे यांना, असं ती नवऱ्याला तावातावानं सांगत राहिली. तो जेवता जेवता ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, की ते गाणं तुला स्वतःला चालता चालता म्हणता येतं का? तिनं स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत चालत म्हणून पाहिलं. दुसऱ्याच ओळीला दम लागला.

तेव्हापासून ती हट्टाला पेटली. वाद्य आधी नाहीच. चाल आधी तोंडानं, तीही चालताना, केर काढताना, जिना चढताना. जिथे श्वास तुटायचा तिथला शब्द ती काढून टाकायची. मुखडा एका दमात बसला पाहिजे आणि तो येईपर्यंत ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. चालीत एक जागा अशी हवी की जिथे कान अडकेल, पण एकच. पूर्वी ती एका ओळीत तीन तीन जागा घालायची. सगळ्यात कडक परीक्षा सासूबाईंची. त्यांना गाण्याचं काडीचं प्रेम नव्हतं, म्हणूनच त्या कामाच्या. कोरसताई सकाळी भाजी चिरताना नवी चाल दोनदा म्हणायची आणि गप्प बसायची. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना सासूबाईंच्या नाकातून ती चाल आपोआप निघाली तर ठेवायची, नाहीतर सोडून द्यायची. कितीतरी लाडक्या चाली तिनं अशा सोडून दिल्या. सासूबाईंना याचा पत्ताच नव्हता, आणि तिनंही तो लागू दिला नाही.

खरी पंचाईत मिक्सिंगची होती. गाण्यातलं प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतो. ते सगळं एकत्र बसवायचं, कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे, कुणाला डावीकडे, कुणाला उजवीकडे. आणि हिला उजवीकडच्याचा पत्ताच लागत नव्हता. तिनं वाट काढली. आधी सगळे ट्रॅक मधोमध, एकावर एक ठेवायचे आणि एकाच स्पीकरवर ऐकायचे. त्या गर्दीतही शब्द स्वच्छ कळले तरच पुढे जायचं. न कळले तर आवाज वाढवायचा नाही, त्याच्या वाटेत येणारं वाद्य कमी करायचं. ऐकायचं हळू आवाजात, कारण मोठ्या आवाजात काहीही छान वाटतं. मग तेच गाणं नवऱ्याच्या फोनवर लावून ती पाणी उकळत असताना लांबून ऐकायची. डावी-उजवी बाजू वाटून झाली की हेडफोन उलटा घालायचा, म्हणजे उजवीकडचं डाव्या कानात यायचं. असं उलटसुलट करत ती एकेक गाणं पुरं करायची. त्यात दिवसामागून दिवस जायचे.

मॅडमकडे ती पुन्हा गेली, पुन्हा परत आली. एकदा त्या म्हणाल्या मुखडा चांगला, अंतरा ओढून आणलेला. एकदा म्हणाल्या चाल गोड, पण हिच्यासारखी कालच ऐकली. ती प्रत्येक वेळी मान हलवून निघायची आणि वाटेतच दुरुस्ती सुरू करायची. कंपनीच्या दारावरचा पहारेकरी तर तिला हातानंच आत जायची खूण करू लागला होता.

शेवटी एका गाण्यावर मॅडमनी डोळे उघडे ठेवून ऐकलं, आणि ते संपायच्या आतच बोटं टेबलावर वाजायला लागली. नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलीनं आईला केलेल्या फोनचं ते गाणं होतं. मॅडमनी ते घेतलं, एका नावाजलेल्या गायिकेकडून गाऊन घेतलं, आणि मिक्सिंग दिलं सायलेन्सभाऊंकडे. सायलेन्सभाऊ म्हणजे कोरसताईच्या जुन्या स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट. ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी 'सायलेन्स' असं इतक्या जोरात ओरडायचे की त्यांचाच आवाज सगळ्यात जास्त व्हायचा, म्हणून हे नाव.

गाणं ऐकायला तिघं स्टुडिओत जमली. सायलेन्सभाऊंचं मिक्सिंग भरदार होतं, पण गायिकेचा आवाज वाद्यांच्या मागे गेला होता. कोरसताईनं ते स्पष्ट सांगितलं. आई फोनवर मुलीचं बोलणं ऐकतेय आणि आपल्यालाच ते ऐकू येत नाही, असं होतंय. भाऊंना ते फारसं पटलं नाही. तेव्हा मॅडम म्हणाल्या, तुम्ही घरी केलेलं लावून बघू या. तिनं घरी स्वतःच्या आवाजात केलेलं मिक्सिंग मोठ्या स्पीकरवर सुरू झालं. आवाज खरोखरच पुढे होता, एकेक शब्द समोर येऊन बसत होता. मॅडमची मान डोलायला लागली. आणि मग त्यांनी एकदम तोंड वाकडं केलं.

"हे उजवीकडे सतत घरघरतंय काय?"

कोरसताईनं विचारलं, "कुठे?"

भाऊंनी पटकन गाणं थांबवलं. उजव्या बाजूला ठेवलेल्या खुळखुळ्याच्या ट्रॅकमध्ये तिच्या संगणकाच्या पंख्याची घरघर शिरली होती, आणि घाईत त्या गाण्याच्या वेळी हेडफोन उलटा करून ऐकायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. एवढं मोठं हिला ऐकू कसं आलं नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

लक्ष नव्हतं असं सांगून कोरसताईला वेळ मारून नेता आली असती. पुढच्या वेळी पुन्हा तसंच काहीतरी, आणि त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा. तिला त्या लपवाछपवीचा एकाएकी कंटाळा आला.

"मला उजव्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "कोरस सुटला तो त्यामुळेच. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही गाणं ऐकलंच नसतं. पण आवाज मागे गेलाय हे मी ज्या कानानं सांगतेय तो चांगला आहे. मला आजचा दिवस द्या. बाजू भाऊंनी बघाव्यात, आवाज मी बघते. नाही जमलं तर त्यांचंच मिक्सिंग ठेवा, माझी तक्रार नाही."

कान, गाणं, आणि ते बाजारात यायची ठरलेली तारीख, हे सगळं मॅडम मनात तोलत असाव्यात. मग पर्स उचलत म्हणाल्या की संध्याकाळी येते.

त्या गेल्यावर कोरसताई भाऊंना म्हणाली की तुमच्या कामात नाक खुपसतेय, राग मानू नका. भाऊ खुर्ची सरकवून तिला जागा करत म्हणाले, "कानाचं मला माहीत होतं. कोरसच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही हेडफोन धरायचात तो डाव्याच कानाला. पण तुम्ही सांगत नव्हता, मग मी कशाला विचारू?"

दोघं कामाला लागली. भाऊंनी दुसरा स्पीकर बंद केला, सगळं मधोमध आणलं, आणि तिच्या सांगण्यावरून एकेक वाद्य आवाजाच्या वाटेतून हटवलं. ढोलाचा ठोका मात्र त्यांनी कमी करू दिला नाही. त्यावर चांगलीच हुज्जत झाली, आणि ऐकून पाहिल्यावर तिला मान्य करावं लागलं की ठोका तिथेच हवा, नाहीतर गाणं बसकण मारतं. मग दुसरा स्पीकर सुरू करून भाऊंनी बाजू वाटल्या. त्या वेळात ती गप्प बसली, आणि गप्प बसणं तिला जड गेलं.

संध्याकाळी मॅडमनी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा फोनवर, दारात उभं राहून. म्हणाल्या, हेच जाईल.

गाणं काही जगभर गाजलं नाही. पण लोकांच्या तोंडी बसलं. दुकानातून, रिक्षातून, कुणाच्या फोनमधून अधूनमधून ऐकू यायचं. नवरा एकदा एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत असताना आत अडकलेली बाई तेच गुणगुणत होती. हे त्यानं घरी येऊन दोनदा सांगितलं, म्हणजे त्याच्या मानानं भाषणच झालं. मॅडमनी पुढचं काम दिलं, मग त्याच्या पुढचंही. कोरसताई आता कुठेही गेली की आधी कानाचं सांगते, मग गाणं लावते. काही जण तिथेच मागे सरतात. त्यांच्याकडे ती दुसरं गाणं घेऊन जाते.

हल्ली नवे गीतकारही तिच्याकडे येतात. परवा दवाखान्यातली एक नर्स आली, कामाची पाळी संपवून, थेट गणवेशातच. तिनं केलेल्या गाण्यात इतके ट्रॅक होते की पडद्यावर मावत नव्हते. वाद्यं, त्यांवर वाद्यं, आवाजाचे चार थर. मिक्सिंग कसं सुधारू, असं तिचं विचारणं होतं. कोरसताईनं सगळे ट्रॅक बंद केले आणि म्हणाली की आता नुसतं म्हणून दाखव, उभी राहा आणि खोलीत फिरत फिरत म्हण.

नर्स आधी लाजली, मग म्हणायला लागली. तिसऱ्या ओळीला दम तुटला. कोरसताईनं त्या ओळीतले दोन शब्द काढायला सांगितले. एक शब्द नर्सनं लगेच सोडला, पण दुसऱ्यावर अडून बसली. तो काढला तर गाणं माझं राहतच नाही, असं तिचं म्हणणं होतं.

कोरसताईनं खुर्ची वळवून डावा कान तिच्याकडे केला. "मग राहू दे तो," ती म्हणाली. "पण श्वास कुठे घेशील ते दाखव मला. पुन्हा म्हण."