चूक ड्रायव्हरची

ड्रायव्हरकाकांनी नोकरीत कधी लाल सिग्नल ओलांडला नाही आणि निवृत्तीनंतर संगणकावरच्या खेळातही ओलांडला नाही. उभी हयात त्यांनी रेल्वेचं इंजिन चालवलं होतं. आता तारनाक्याच्या घरात, पुढच्या खोलीत बसून ते पडद्यावर मालगाडी चालवत. तिथं जाब विचारायला कुणी नव्हतं. तरी लाल दिसला की काका ब्रेक लावून हात मांडीवर ठेवत. अशा वेळी काकूंनी चहा आणला, तर तोही सिग्नल मिळेपर्यंत निवत पडे.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते आणि आमची ओळख भांडणानं झाली. मला खेळांचा भारी नाद. माझा लॅपटॉप लिनक्सवर चालणारा आणि खेळ सगळे विंडोजसाठी लिहिलेले, म्हणून मधे एक दुभाष्या प्रोग्रॅम लागतो. तो खेळाचं बोलणं लिनक्सला समजावून सांगतो. त्याच्याही खाली ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्रं काढून घेणारा मुकादम. खेळ बंद पडला की नव्वद टक्के वेळा खापर त्याच्यावर फुटतं. एकदा जिन्यात उभी राहून मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते, "ड्रायव्हर जुनाट झालाय गं. काढून टाकते आणि नवा आणते." खालच्या पायरीवर काकू कोथिंबीर निवडत होत्या.

"आमच्या ह्यांना जुनाट म्हणायलीस? आन् काढून टाकतीस?" काकू जुडी घेऊन उठल्या. मी समजावायला गेले तशी आणखीच रुतले. शेवटी आतून काकांचा आवाज आला, "हौ, खरंच बोलायली ती! पाठव इकडं. बघू कोणता ड्रायव्हर बिघडलाय."

आत पाहते तो काय, काकांच्या संगणकावरही लिनक्सच. भाच्यानं बसवून दिलेलं. मधला दुभाष्याही तोच. मी सकाळपासून काय काय केलं ते त्यांनी विचारलं. मी ऐटीत पाच बदल सांगितले. काकांनी कपाळाला हात लावला. "पाच नट एकदम ढिले केलीस. आता खडखड कोणत्या नटाची होती, कसं कळावं? हल्लू हल्लू. एका वेळी एक." इंजिनाच्या दोषांची लिहितात तशी एक वही त्यांनी संगणकासाठीही ठेवली होती. काय बदललं, काय झालं, एका ओळीला एक. आणि कशालाही हात लावण्याआधी त्या खेळानं मागे सोडलेली नोंद पडद्यावर भिंग धरून वाचायची. "आजारी इंजिनाला पैले विचारायचं, मग पाना उचलायचा." तासाभरात निदान झालं. माझा ड्रायव्हर अर्धा नवा झाला होता आणि अर्धा जुनाच राहिला होता. नोकरीत पगार घेऊन मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, हे मी काकांना त्या दिवशी सांगितलं नाही.

मी दुभाष्याला शिव्या घातलेल्या मात्र त्यांना खपत नसत. "तो बिचारा आपल्यासारखा. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी. सगळ्यांचं ऐकतो आन् मारही तोच खातो."

एकदा काकांनी मला खाली बोलावलं. त्यांची मालगाडी तीन दिवस एकाच सिग्नलपाशी उभी होती. "ये पोरी, तुझी परीक्षा घेतो. समोर सिग्नल कोणता?"

मी पाहिलं. खांब होता, पेटी होती, दिवा नव्हता. "कोणताच नाही. काळा ठिक्कर आहे."

"नीट बघ."

"काळाच आहे काका. जा की पुढं, खेळ तर आहे."

"विझलेला सिग्नल लालच समजायचा," असं बजावून काका असे हसत सुटले, की काकू लाटणं घेऊन धावत आल्या. "ऐकलीस का? चूक ड्रायव्हरची हाय, माझी नाही!"

काकू दाराला धरून उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मग दोघांच्या बोलण्यातून मला कळलं. काकांचा एक डोळा गेलेला होता. त्यापायीच त्यांना शेवटची तीन वर्षं इंजिनावरून उतरवून टेबलाशी बसवलं होतं. दुसरा डोळा कधीही दगा देईल, असं नामपल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवे दिसेनात तेव्हा तो गेलाच असं धरून काका तीन दिवस कुणाला न सांगता बसले होते. परीक्षा माझी नव्हतीच.

मग वही काढली. खेळानं साठवून ठेवलेली जुनी चित्रं पुसली, फरक नाही. दुभाष्या बदलला, फरक नाही. ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेला, आणि खांबावर लाल दिवा लागला. लाल सिग्नल पाहून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवे ड्रायव्हर आपोआप येणं मी तिथंच बंद करून टाकलं.

दीड वर्षानं पुन्हा हाक आली. "सिग्नल कोणता गं?"

समोर चांगला ढळढळीत हिरवा होता. "काळा," मी म्हणाले. "नवा ड्रायव्हर आला असेल."

काकांनी चाचपून वही माझ्या हातात दिली. "शेवटची ओळ वाच."

शेवटची ओळ दीड वर्षापूर्वीची, माझ्याच अक्षरातली होती.

"काहीच बदललं नाही, मग बिघडलं काय?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "या वेळी खराच ड्रायव्हर बिघडला गं!" आणि आपल्याच विनोदावर ते हसले. मला काही हसू आलं नाही. मी सरळ रडायला लागले.

"रडू नक्को. इंजिनात माणसं दोन असतात. सहायकानं सिग्नल मोठ्यानं सांगायचा, ड्रायव्हरनं तोच परत म्हणायचा, मग गाडी हलते. आजपासून तू सहायक. पुन्हा खोटा सिग्नल सांगितलीस, तर पुढच्या स्टेशनात उतरवीन."

पुढची दोन वर्षं काकांनी माझ्या शब्दावर आणि चाकांच्या आवाजावर गाडी हाकली. काका गेले त्याला आता वर्ष होईल. एवढ्या काळात माझ्यावर इतकं विसंबून दुसरं कुणी राहिलेलं नाही. त्या दुपारी मी नाक पुसलं, खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली आणि मोठ्यानं म्हणाले, "हिरवा."

"हिरवा," काका म्हणाले आणि त्यांनी ब्रेक सोडला.