दिलीप भाऊजींचे अकरा पुठ्ठे

केळी सडलीच पाहिजेत, नाहीतर तो खेळ नाही.

हे मी आजारी माणसाला तोंडावर सांगितलं होतं. आज त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि अजूनही माझं म्हणणं तेच आहे.

दिलीप भाऊजी. माझे धाकटे दीर. आम्ही शिंदखेड्याचे, पण त्यांची सगळी उमर रावेरहून केळी भरून दिल्लीला नेण्यात गेली. ट्रक म्हणजे जीव.

मग किडनी गेली. धुळ्याला डायलिसिस सुरू झालं. गाडी चालवणं सुटलं.

घरात पडून माणूस काय करील? पत्र्याकडे बघत बसेल. भाऊजी नाही बसले. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर रस्ता काढला. रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली.

फासा टाकायचा, ट्रक पुढे न्यायचा. ट्रक अडकला की केळी हिरव्याची पिवळी, पिवळ्याची काळी. काळी झाली की माल गेला. तुम्ही बाद.

खेळून बघायला मला बसवायचे.

"वहिनीले समजनं म्हणजे बठ्ठास्ले समजी."

मला समजलं की सगळ्यांना समजेल; मी चौथी शिकलेली ना, म्हणून.

"जास्त शहाणपणा करू नका. फासा द्या इकडे."

पहिल्या पुठ्ठ्यात इंदूरला अडकलं की निघताच यायचं नाही. मी म्हटलं, "हा जाम आहे की जन्मठेप?"

हसले आणि नवा पुठ्ठा घेतला.

नवा हां. जुन्यावर खाडाखोड नाही. कोपऱ्यात मार्करने नंबर, मागे एक ओळ: इंदूर सोपं केलं. वहिनी चिडल्या.

ही सवय पूजाने लावली. त्यांची पोरगी, जळगावला कॉम्प्युटरच्या कामाला आहे. "पप्पा, जुनं व्हर्जन पुसायचं नाही. सेव्ह ॲज करायचं."

झालं. पलंगाखाली पुठ्ठेच पुठ्ठे. झाडू घालायला जागा नाही. एक दिवस मी वैतागले, "नवा झाला ना? मग जुने घाला चुलीत."

"वहिनी, रस्ता चुकला तर जिथून चुकला तिथपर्यंत मागे यावं लागतं. तो रस्ताच जाळला तर गाडी कुठे वळवू?"

मी पलंगाच्या अलीकडूनच झाडून घेतलं.

नववा पुठ्ठा मस्त जमला. गल्लीतल्या बाया त्यावर भांडल्या. दिल्ली समोर दिसते आणि केळी काळी पडायला आलेली, जीव नुसता वर-खाली. पूजा म्हणाली, "पप्पा, हाच फायनल. आपण छापून घेऊ."

पण ते थांबेनात.

तब्येत उतरत गेली. दहावा काढला, त्यात केळी उशिरा काळी व्हायची. मग अकरावा. रस्ता वाकडा आलाय. त्यात काळी केळी नाहीतच. पंक्चर आहे, जाम आहे, पण माल खराब होत नाही. सगळे पोचतात. कोणी आधी, कोणी मागून.

मी एकदा खेळले आणि फासा खाली ठेवला.

"भाऊजी, केळी सडत नाहीत तर घाई कशाची? हा खेळच नाही."

रागावले नाहीत.

"माहीत शे. पण एकदा तरी बठ्ठा माल पोचू दे ना, वहिनी."

मी पुठ्ठा उचलून पलंगाखाली सरकवला. 

बारावा पुठ्ठा आलाच नाही.

आज जेवणं उरकल्यावर पूजाने विषय काढला. खेळ छापायला द्यायचाय. कोणता द्यायचा? मला ती मोठी माय म्हणते.

"मोठी माय, शेवटचं व्हर्जन तेच खरं धरतात. पप्पांचा शेवटचा हात त्याच्यावर फिरलाय."

डोळे भरलेले. बापाचा शेवटचा शब्द तिला मोडवत नव्हता.

मी म्हटलं, "नऊ नंबर दे. अकरावा लोक एकदा खेळतील आणि माळ्यावर टाकतील, अन् नाव तुझ्या बापाचं असेल त्याच्यावर. एवढे पुठ्ठे सांभाळले कशाला त्यांनी? मागे वळता यावं म्हणूनच ना?"

पूजाने नऊ नंबर बाजूला काढला. 

"आणि अकरावा?"

"तो आण इकडे."

"तूच म्हणते ना, तो खेळ नाही?"

"आण म्हटलं ना!"

बसलो. मी, पूजा, तिची आई आणि माझे मालक. सख्खा भाऊ त्यांचा, पण जन्मात फासा हातात धरला नव्हता. आज धरला.

मी इंदूरला अडकले. कोणी चिडवलं नाही. पूजाची आई ग्वाल्हेरला पंक्चर होऊन बसली, फासा काही तिचं ऐकेना. आम्ही तिघं दिल्लीत पोचून तिची वाट बघत होतो. कोणी उठलं नाही.

शेवटी तिचाही ट्रक आत आला. केळी हिरवीगार.

तो पुठ्ठा घरातच राहील. छापायचा नाही, कोणाला द्यायचा नाही.

भाऊजी, बठ्ठा माल पोचना. सगळाच्या सगळा पोचला.

आता गाडी बंद करा आणि निवांत झोपा.

तुमची वहिनी.