चिठ्ठीखालची खुर्ची

सकाळी ऑफिसात आले की काका आधी पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढायचे. मागे गोंद असलेल्या, चौकोनी चिठ्ठ्या. बाकीचे लोक त्यांच्यावर दिवसाची कामं लिहितात, काका काहीच लिहायचे नाहीत. कॉम्प्युटरवर फोटो उघडला की चष्मा कपाळावर चढवायचा, एक चिठ्ठी सोडवायची आणि स्क्रीनवर एका ठरावीक जागी अंगठ्यानं दाबून बसवायची. कधी एक, कधी तीन. मग चष्मा खाली आणि कामाला सुरुवात. खिडकीतल्या उन्हाची चमक झाकत असतील, असं मला बरेच दिवस वाटायचं.

आमचं ऑफिस म्हणजे प्रताप नगरातल्या एका घराचा वरचा मजला. परदेशातल्या एका कंपनीच्या लढाईच्या गेमसाठी आम्ही महायुद्धातल्या गाड्या कॉम्प्युटरवर घडवतो. रणगाडे मोठ्या ऑफिसांना मिळतात, आमच्या वाट्याला येतात विमानं पाडायच्या गाड्या. ट्रकच्या पाठीवर तोफ, तोफेमागे लोखंडी खुर्ची, खुर्चीत तोफ चालवणारा. माझी आई शेजारणींना सांगते, "पोरगी दिवसभर गेम खेळून राहिली अन पगार घेऊन राहिली." पण हा गेम खेळणारे लोक भलते चिकित्सक. एक बोल्ट जास्तीचा दिसला तरी इंटरनेटवर गोंधळ घालतात. म्हणून प्रत्येक गाडी जुन्या फोटोंशी ताडून पाहायला एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे काका.

इथे येण्याआधी त्यांचा शहराच्या कडेला, अमरावती रोडवरच्या वाडीला, फोटो स्टुडिओ होता. लग्नं, वाढदिवस, पासपोर्टचे फोटो. आणि रोडवर अपघात झाला की पंचनाम्याचे फोटो काढायला पोलीस त्यांनाच बोलवायचे. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला. आमच्या साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं, कारण फोटोतली सावली पाहून ते वस्तू किती खोल आहे हे सांगायचे.

"फोटो दाखव." हे त्यांचं पालुपद. मी गाडीच्या मागे अवजारांची पेटी लावली. "फोटो दाखव." फोटो नव्हता. सगळ्या गाड्यांना असते, म्हणून लावली होती.

"अंदाजानं काही करू नको वं. काढ ते."

मी पेटी काढली आणि माझं तोंड फुगलं.

"शिव्या मनात देत जा बाई," काका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "चेहऱ्यावर दिसून राहिल्या."

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यामुळे काम दुप्पट होतं, आणि तो रजेवर असला की आपलंच काम आपल्याला कच्चं वाटायला लागतं.

एकदा मी त्यांना विचारलं, या गाड्या वरून उघड्या काहून असतात? गोळ्या तर आभाळातूनच येतात.

"आभाळ दिसलं पाहिजे ना त्याले," काका म्हणाले. "झाकलं तर त्याले विमान दिसत नाही. उघडं ठेवलं तर विमानाले तो दिसते."

'तो' म्हणजे खुर्चीतला माणूस. काका गाडीला गाडी म्हणायचे, पण बोलायचे नेहमी त्या माणसाबद्दल.

चिठ्ठ्यांचं कोडं उन्हाळ्यात सुटलं. कूलरच्या वाऱ्यानं एक चिठ्ठी स्क्रीनवरून उडाली आणि खाली काय आहे ते मला दिसलं. खुर्चीत एक माणूस होता. काय दिसलं ते सविस्तर सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. या गाड्यांचे त्या चांगल्या असताना जवळून फोटो फारसे कोणी काढलेच नाहीत. त्या फुटल्या, जळल्या, शत्रूच्या हाती लागल्या, की मग शत्रूच्या सैनिकांनी हौसेनं काढले. आम्ही ज्यांच्यावरून बोल्ट मोजायचो ते बहुतेक फोटो असेच होते.

काकांनी चिठ्ठी उचलली, पुन्हा जागेवर दाबली. "तू खुर्चीकडे पाह्य. त्याच्याकडे नको पाहू."

मग ते आपणहून बोलले. "वाडीले पोलीस म्हणे, कपडा बाजूले कर अन फोटो घे. लई लोकं असे उघडे काढले म्या. आता नाही पाहवत."

त्याच फोटोवरून मी ती गाडी केली. त्या गाडीचा तेवढा एकच जवळचा फोटो आम्हाला सापडला होता. त्यात खुर्ची डावीकडे कललेली होती. चिठ्ठीच्या बाहेर तिची पाठ आणि एक कड दिसत होती, तेवढ्यावरून काकांनी कल मोजून दिला. आभाळाकडे नेम धरायला सोयीची म्हणून अशी तिरकी बनवली असावी, असं आमचं ठरलं. गाडी गेममध्ये गेली आणि खेळणारे खूश झाले. खुर्चीचा कलसुद्धा सोडला नाही, याला म्हणतात काम, असं कोणी कोणी लिहिलं. साहेबांनी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. काकांनी माझ्या प्लेटीत स्वतःच्या हातानं शेव घातली.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामाच्या फोटोंत त्याच बनावटीची दुसरी गाडी निघाली. धडधाकट, नवी कोरी, पण फोटो लांबून काढलेला आणि अंधूक. खुर्ची सरळ दिसत होती.

काकांनी जुना फोटो उघडला. सवयीनं चिठ्ठी लावली, मग स्वतःच काढली. मी पहिल्यांदाच त्यांना चिठ्ठीखाली पाहताना बघत होते. खुर्चीखालचा लोखंडी दांडा वाकला होता. वरून जे काही येऊन आदळलं होतं त्यानं माणूस आणि खुर्ची दोघांनाही एकाच बाजूला दाबलं होतं. नुसती खुर्ची पाहिली तर ती तिरकी बनवलेली वाटत होती. माणसासकट पाहिली तर शंकाच उरत नव्हती.

"दबलेली सीट मले ओळखू नाही आली," काका म्हणाले. चिठ्ठी त्यांच्या बोटाला तशीच चिकटलेली होती. "मले! ट्रकाच्या दबलेल्या कॅबिना पाहण्यात जिंदगी गेली माही. झाकलं, म्हणून नाही दिसली."

"काका, चूक सगळ्यांचीच झाली."

"अवं, ज्यानं तो मेला, तेच आपण त्याच्या गाडीची बनावट म्हणून दाखवून राहिलो."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. साहेबांनी समजावलं, "काका, ते मंजूर झालं. कोणाची तक्रार नाही."

"मी करून राहिलो ना तक्रार."

शेवटी साहेबांनी त्यांना परदेशातल्या कंपनीबरोबरच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये बसू दिलं. समोर मोठ्या स्क्रीनवर तिकडच्या बाई होत्या. काका मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत सांगायचे. बाईंनी अंधूक फोटो पाहिला आणि नम्रपणे म्हणाल्या, यावरून काही सिद्ध होत नाही. लोकांना ती खुर्ची आवडली आहे. याहून स्पष्ट पुरावा असेल तर दाखवा.

मी काकांकडे पाहिलं. पुरावा एकच होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, जुना फोटो उघडला, आणि या वेळी चिठ्ठीला हात लावला नाही. चष्मा खाली घेऊन फोटो मोठा केला आणि वाकलेल्या दांड्यावर बाण नेऊन ठेवला. "हे पाहा म्हणा. हे बनवलेलं नाही. हे झालेलं आहे."

मी एवढं इंग्रजीत सांगेपर्यंत बाईंचा चौकोन काळा झाला होता. दुपारी मेल आला. मीटिंगमध्ये अशी दृश्यं दाखवणं नियमात बसत नाही, संबंधित व्यक्तीला यापुढे या कामावर ठेवू नये. खुर्चीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. म्हणजे ज्या गेममध्ये ती माणसं दिवसभर मारली जातात, त्या गेमवाल्यांना एक मेलेला माणूस पाहवला नाही. मला त्या दिवशी इतका संताप आला की मी जेवले नाही.

साहेब वाईट नाहीत. त्यांना काकांकडे वर बघून बोलता येईना एवढंच. काकांनी डबा पिशवीत घातला आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "घे. तुले लागन."

नंतर मी अधूनमधून वाडीला जायचे. गोदामांच्या मागे त्यांच्या दोन खोल्या. काकू चहा टाकायच्या, बाहेर ट्रक मागे घेताना भोंगे वाजायचे. काका दारात येऊन, मी चपला काढायच्या आत विचारायचे, "सरळ केली का वं?"

"नाही काका."

मान हलवायचे आणि मग माझ्या आईची चौकशी करायचे.

यंदा दुसऱ्या एका कंपनीच्या गेममध्ये तीच गाडी आली. खुर्ची तिरकी. आमच्यावरूनच उचललेली, उघड आहे. ऑफिसातला नवा मुलगा आता दोन्ही गेमचे फोटो शेजारी शेजारी लावून काम करतो. मी त्याला म्हटलं, ती खुर्ची खरं तर सरळ असते. "फोटो दाखवा मॅडम," तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. फोटो माझ्याकडे होता. मी तो उघडला, ड्रॉवरमधून चिठ्ठी काढून लावली, आणि त्याला बोलावलंच नाही. ही गोष्ट मी काकांना सांगितली नाही.

थंडीत काका गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी पोहोचले तेव्हा खोलीत पांढरे कपडे घातलेले नातेवाईक बसले होते आणि बुद्धवंदना चालू होती. मुलगी पुण्याला, नुकतीच बाळंत झालेली, येऊ शकत नव्हती. काकूंनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. "तुम्ही एक फोटो घ्या बाई नीट. पोरीले पाठवाचा आहे. ती म्हणते, मले बाबा पाहू द्या."

पुतण्यानं चेहऱ्यावरची चादर बाजूला केली. मी मोबाइल धरला. काकांची मान उशीवरून डावीकडे कलली होती.

"घ्या ना ताई," पुतण्या म्हणाला. "चालते."

"नाही चालत," मी म्हटलं.

मोबाइल खाली ठेवला, उशी सरकवली, दोन्ही हातांनी त्यांची मान सरळ केली, आणि मग फोटो काढला.