मोजणीदाराची जोडी

मोजणीदार बुटांच्या नाड्या तीनदा बांधायचा. टेनिसमध्ये सर्व्हिस करण्याआधी रुमाल धरून वारा बघायचा. गुण मिळाला तर "मी घेतला" म्हणायचा. गेला तर "आपला गेला". घरात बायकोने खुर्ची सरकवली, तर मुकाट्याने उचलून परत जागच्या जागी ठेवायचा.

लोकांच्या जमिनी मोजण्यात याची हयात गेली. टेनिसचं कोर्टही त्याला आपल्याच नावावर चढलेलं वाटे. दुहेरीत जोडीला बायको. दुसरं कोण टिकणार?

जोडीने एकत्र हलावं, मध्ये भगदाड पडू देऊ नये, असं त्याने कुठेतरी वाचलं. झालं. सरावाला त्याने दोघांच्या कमरेला एक दोर बांधला. तो डावीकडे गेला की ती फरपटत डावीकडे. ती उजवीकडे धावली की हा खांब, आणि दोर तिच्या पोटात.

"वहिनी, दादाला कासरा जरा सैल सोडायला सांग," बाकावरून नणंद म्हणायची.

"तू गप बस. हिला जागाच कळत नाही."

ती सोसत राहिली. लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या पाठीला तेवढाच खेळ होता. पण क्लबच्या स्पर्धेतल्या उपांत्य सामन्याआधी तिने नणंदेला सांगून टाकलं, "यात ते एकदा तरी माझ्यासाठी हलले तर ठीक. नाहीतर ही जोडी संपली."

सामन्यात अर्थातच दोर नव्हता. शेवटच्या गेममध्ये चेंडू नेटजवळ उभ्या मोजणीदाराच्या डोक्यावरून उंच मागे गेला. ती आडवी धावली, कसाबसा परतवला. आता तिची मोकळी पडलेली बाजू याने भरायची, एवढंच. बघणाऱ्या माळ्यालाही ते कळलं. हा मागे वळून तिला शिकवत राहिला. "मनगट, अगं मनगट," म्हणेपर्यंत पुढचा फटका रिकाम्या बाजूत पडला. सामना गेला.

"होतीस कुठे तू?"

"तुमची बाजू सांभाळत होते," ती म्हणाली. "उद्यापासून मी वन्संबरोबर खेळणार."

इतकी वर्षं शेजारी उभं राहून माणूस दिसू नये? नाहीच दिसला.

"खेळ की," तो म्हणाला. "मला भिंत पुरते. भिंत ऐकते तरी."

रविवारी त्याने मागच्या भिंतीवर नेटच्या उंचीची पांढरी रेघ ओढायला घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली. पुढे टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागत होतं.

"अगं, जरा इकडे ये," त्याने हाक मारली.

दोघी कोर्टवर गेल्या होत्या. ब्रश डब्यातच वाळला. रेघ अजून खिडकीपर्यंतच आहे.