पत्रातला शुद्ध शब्द

भाषावार राज्यं झाली, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि आमच्या शाळेत सगळं हिंदी सुरू झालं. मी तेव्हा सातवीत होते. दोन्ही भाषा काय त्या मलाच येतात, अशा तोऱ्यात असायचे.

त्याच वर्षी पुण्याहून आत्याच्या यजमानांचं पत्र आलं. दिवाळीनंतर दोघंही आठ दिवस येतो, शहर बघायचंय, बहिणीच्या लग्नाच्या साड्याही घ्यायच्यात. त्यांना सासरचं कधी काही पटलं नव्हतं, त्यामुळे लग्नाला नऊ वर्षं होऊनही आत्या एकदाही माहेरी आली नव्हती. वडिलांची ती एकुलती एक बहीण. पत्र वाचून ते इतके हरखले की टोपी न घालताच कचेरीत गेले.

घरात बेत सुरू झाले. आधी किल्ला आणि त्यातला हमामखाना, मग राजघाटावरून नावेनं पलीकडे, एक दिवस दापोऱ्याला मामाच्या केळीच्या बागेत. आई साड्यांची दुकानं स्वतः हिंडून आली. मावा जिलेबी रोज आणायची की दिवसाआड, यावरून दोघांचं चांगलंच वाजलं.

माझं अक्षर बरं, म्हणून उत्तर मी लिहायचं ठरलं. वडील सांगू लागले, "लिही, तुम्हाला काही कमी नाही पडू देणार. तुम्ही आले की आम्ही सगळे पूरी कोशिश करू."

कोशिश? पुण्याला? मला लाजच वाटली. त्याच अर्थाचा एक भारदस्त शब्द मी हिंदीच्या पुस्तकात नुकताच शिकले होते. संस्कृतच दिसत होता, म्हणजे मराठीत चालणारच. थट्टेला आमच्याकडे सगळे मजाक म्हणायचे, त्यामुळे शंकाही आली नाही. ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आपण आल्यावर आम्ही सर्वजण पूर्ण चेष्टा करू.'

उलट टपाली कार्ड आलं. 'चेष्टा करून घेण्यासाठी इतका प्रवास करण्याची आमची इच्छा नाही.'

वडिलांना काही उमजेना. शेवटी गल्लीतल्या मराठीच्या मास्तरांनी अर्थ सांगितला. वडिलांनी स्वतःच्या हातानं दोनदा माफीचं पत्र लिहिलं, माझं नाव न घेता, 'शब्द माझाच चुकला' असं म्हणून. उत्तर आलं नाही. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

आत्या आली ती यजमान गेल्यावर. तोवर वडीलही गेले होते. मी तिला राजघाटावर घेऊन गेले आणि पायऱ्यांवर बसल्यावर सांगून टाकलं, "आत्या, तो शब्द माझा होता."

"माहीत आहे. अक्षर दादाचं नव्हतं, शाळकरी पोरीचं होतं की. आणि अर्थही मला तेव्हाच कळला होता. मी इथलीच ना?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"ते आले असते तर आठ दिवस दादाच्या बोलण्याला नावं ठेवली असती, आणि दादा हसत ऐकत राहिला असता. मला नसतं बघवलं." ती पुढे म्हणाली, "वाटलं, पुढच्या वर्षी एकटी येईन."

"मग?"

"मग काय. त्यांनी कधी पाठवलंच नाही."

इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत आले होते. तिचं ऐकून मला आधी हायसं वाटलं. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.