चेनचं ऑईल आणि तात्यांचं धोतर

तेलकट चेनवर धूळ बसत जाते, तसे गॅरेजमध्ये किस्से साचत जातात. पुंडलिकनगरातलं आमचं मोटरसायकलींचं गॅरेज छोटंच, पण काही किस्से अजून पुसले जात नाहीत.

आमचे हे चेनला सढळ हाताने ऑईल पाजायचे. शेजारच्या गल्लीतले सर एकदा पांढरी पँट घालून समारंभाला गेले आणि डाव्या पायावर काळे ठिपके घेऊन परत आले. शांतपणे म्हणाले, "ऑईल भरपूर होतं. चेनला पुरून मलाही उरलं."

*

एकदा यांनी इंजिन चालू ठेवूनच चेन पुसायला घेतली. फडकं ओढलं गेलं, त्यामागे बोटं. हात प्लास्टरमध्ये गेला. गॅरेज बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटणार, म्हणून मी बसले. इंजिन बंद, चेनमागे पुठ्ठा. आधी रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, मग चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने थेंब थेंब ऑईल सोडायचं. थोडं थांबून वरचं टिपून घ्यायचं.

हे स्टुलावरून म्हणाले, "अगं, चेन आहे ती, वेणी नाही."

"वेणीचं तेलसुद्धा उशीला लागतंच की."

*

चेन घासायला सरांनी घरातले चार जुने टूथब्रश आणून दिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस दारात. "वहिनी, त्यातला हिरवा माझा रोजचा होता."

मी हातातला, आता काळा झालेला ब्रश पाठीमागे घेतला.

*

पाचोडच्या तात्यांच्या शब्दावर तिकडचे सगळे गाडीवाले आमच्याकडे यायचे. त्या दिवशी मला बघून तात्या गाडीवरून उतरेनात.

"मिस्त्री, तुमचा हात बरा झाला की येतो. बायामाणसाचं काम नाय हे."

तात्या गेले असते तर निम्मं गॅरेज गेलं असतं.

मागे बसलेल्या काकू मात्र उतरल्या. बायका पाय डावीकडे सोडून बसतात, साडी नेमकी चेनजवळ येते. काकूंच्या काठावर काळे ठिपके होतेच.

"ताई, करा तुम्ही. डाग मी धुते, मंग ठरवणार बी मीच."

काम झालं. तात्या म्हणाले, "आन् उडलं तर?"

"मंग तुम्हीच बसा माझ्या जागी. ताई चालवतील."

गाडी मला येते. पांढऱ्याशुभ्र धोतरातले तात्या दोन्ही पाय डावीकडे सोडून माझ्यामागे बसले. चौकापर्यंत जाऊन आलो. दुकानातून माणसं बाहेर येऊन बघत होती.

उतरल्यावर तात्यांनी धोतराचा काठ उलटासुलटा करून बघितला. मग यांच्याकडे वळले.

"मिस्त्री, हात बरा करायची लई घाई करू नका."