मोठ्या घरामागचं स्वयंपाकघर

मार्चअखेरची सकाळ होती. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरात मी मुलीची वेणी घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मेधा होती, प्रभाताईंची मुलगी. अमेरिकेतच जन्मली, वाढली, त्यामुळे ती माझ्याशी कायम इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी तिनं नुसतं "काकू" म्हटलं. मग म्हणाली, "आई गेली." दोनच शब्द, आणि तेही मराठीत... विचारण्यासारखं उरलंच नव्हतं. वर्षभर आम्ही सगळे त्या फोनची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होतो.

प्रभाताईंचं नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. त्या मिरजेच्या. पुण्याला इतिहासात एम. ए. केलं, लग्न झालं आणि डॉक्टर नवऱ्याच्या मागोमाग व्हर्जिनियातल्या एका लहानशा गावी आल्या. तंबाखूची शेतं, दोन चर्चं, एक हॉस्पिटल, एवढंच ते गाव. ऐंशीच्या सुमारास माझ्या नवऱ्याला त्याच हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी लग्नानंतर थेट तिथे येऊन पडले. गावात मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. पहिल्याच आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या. हातात वरणभाताचा डबा आणि लोकरीचा एक जुना कोट. "हा घाल. इथली थंडी आपल्या शालीला जुमानत नाही," म्हणाल्या. मला सख्खी बहीण नाही. त्या दिवसापासून ती उणीव मला कधी जाणवली नाही.

गावाबाहेर एक मोठं पांढरं घर होतं. समोर उंच खांब, मागे नदीपर्यंत उतरत गेलेली जमीन. अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधी तिथे शेकडो एकरांत तंबाखू पिकायचा आणि तो पिकवणारी माणसं त्या घराच्या मालकीची होती. आता ते घर लोकांना पाहायला खुलं ठेवलं होतं. गावातल्या प्रतिष्ठित बायकांची एक कमिटी ते चालवायची आणि मिसेस कार्व्हर नावाच्या बाई तिच्या प्रमुख होत्या. मेधा शाळेत जायला लागल्यावर प्रभाताईंना घर खायला उठलं. इतिहास शिकलेल्या बाईनं किती दिवस नुसती लोणची घालायची? त्या तिथे व्हॉलंटिअर गाईड झाल्या. कांजीवरम नेसून त्या पाहुण्यांना घर दाखवायच्या. ही जिन्याची कमान, हा पियानो, ही मालकीणबाईंची झोपायची खोली. युद्धात उत्तरेची फौज आली तेव्हा चांदीची भांडी कशी विहिरीत लपवली, आणि घरचे 'इमानी नोकर' कसे मालकांना सोडून गेले नाहीत. हे सगळं कमिटीनं लिहून दिलेलं, आणि प्रभाताईंना ते तोंडपाठ. साडीतल्या बाईकडून ते ऐकायला पाहुण्यांना फार मजा वाटायची. मीही दोनतीनदा त्यांच्या मागून घरभर फिरले. 'नोकर' हा शब्द तेव्हा मला खटकला नाही. त्यांनाही खटकला नव्हता.

मग एका शनिवारी मिस ओरा आल्या. ऐंशीच्या घरातल्या काळ्या बाई, डोक्यावर चर्चला जातानाची हॅट, आधाराला मुलगी. त्या मुलुखात वडीलधाऱ्या बाईला तिच्या पहिल्या नावाआधी 'मिस' लावतात, म्हणून सगळ्यांच्याच त्या मिस ओरा. सारा जन्म जवळच्याच वस्तीत गेला, पण या घराच्या आत त्या पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या. सगळं घर त्यांनी शांतपणे पाहिलं, ऐकलं. शेवटी बाकीचे पाहुणे पांगल्यावर प्रभाताईंजवळ येऊन म्हणाल्या, "मालकीणबाई कुठे झोपायच्या ते तुम्ही छान दाखवलंत. माझी पणजी कुठे झोपायची?"

"मला माहीत नाही," प्रभाताई म्हणाल्या. मिस ओरा हसल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे. चला, मी दाखवते."

घराच्या मागे विटांची एक वेगळी इमारत होती. तिथे बागकामाचं सामान ठेवत. ते पूर्वीचं स्वयंपाकघर. मिस ओरांची पणजी हॅना तिथे रांधायची आणि वरच्या माळ्यावर दोन मुलांना घेऊन निजायची. ही हकिकत मिस ओरांना त्यांच्या आजीनं सांगितली होती. आजीचं नाव पेशन्स, हॅनाची मुलगी. पेशन्स आठनऊ वर्षांची असताना एके सकाळी मालकानं हॅनाला विकून टाकलं. दक्षिणेकडे कापसाच्या मुलखात माणसं नेणारा एक व्यापारी आला होता, त्याला. चूल पेटलेली होती आणि वर पातेलं तसंच शिजत राहिलं होतं, इतकं पेशन्सला मरेपर्यंत आठवत होतं. धाकटा भाऊ त्याच हिवाळ्यात वारला. पुढे युद्ध संपलं, पेशन्स मोकळी झाली आणि आईला शोधायला निघाली. त्या वर्षी रस्ते अशाच माणसांनी भरले होते म्हणे. जो तो कुणाला तरी शोधत होता. चर्चमध्ये दर रविवारी नावं पुकारायचे, अमक्या नावाची बाई कुणी पाहिली आहे का, तिच्या कपाळावर अशी खूण आहे. पेशन्सनं कितीतरी वर्षं आईचं नाव पुकारलं. "मी लहान असताना आजी पार थकली होती," मिस ओरा म्हणाल्या. "तरी परगावचं कुणी आलं की विचारायची. आई जिवंत असती तर शंभरीच्या पुढे असती. तरी विचारायची."

संध्याकाळी प्रभाताई माझ्याकडे आल्या. चहा पुढे ठेवला, तो गार झाला. मग म्हणाल्या, "सुनीता, माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली, तुला माहीत आहे. मला वाढवलं ते कोंडाबाईनं. न्हाऊमाखू घालायची, गोष्टी सांगायची. आम्ही सगळे म्हणायचो, ती घरातलीच आहे. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र तिनं कधी ओलांडला नाही, ओलांडू दिलाच नाही आम्ही. आज मी गाडीत बसून आठवत होते, ती रात्री कुठे निजायची? मला आठवत नाही गं. वीस वर्षं ती आमच्याकडे होती..."

त्यानंतर मिस ओरा आणि प्रभाताई यांचं येणंजाणं सुरू झालं. मिस ओरांच्या पुढच्या ओसरीत बसून शेंगा सोलताना त्या दोघींचं बोलणं मी ऐकलंय. एकदा मिस ओरा सांगत होत्या, "गुलामगिरी गेल्यावर माझ्या आजोबांनी मत दिलं. ठेवणीतला कोट घालून गेले होते. काही वर्षं आमच्यातली माणसं कायदेमंडळातसुद्धा बसली. मग पुन्हा सगळं गोऱ्यांच्या हातात गेलं. माझ्या वडिलांना उभ्या जन्मात मत देऊ दिलं नाही. मी दिलं, तेव्हा साठीला आले होते." हे त्यांनी भाजीच्या भावाबद्दल बोलावं तितक्या साधेपणानं सांगितलं. प्रभाताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

प्रभाताईंनी घर दाखवण्याची पद्धत बदलली. आता त्या पाहुण्यांना आधी मागच्या स्वयंपाकघरात न्यायच्या. नोकर म्हणायचं सोडून सरळ गुलाम म्हणायला लागल्या. हॅनाची गोष्ट सांगायच्या, आणि तिची मालकी असलेल्या माणसाचं नावही घ्यायच्या. त्याच नावाची माणसं अजून गावात होती, कमिटीतही होती. काही पाहुणे रडायचे, काही मधूनच निघून जायचे. एक दिवस मिसेस कार्व्हर केक घेऊन घरी आल्या. मी तिथेच होते. बाई मनानं वाईट नव्हत्या. प्रभाताईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "प्रभा, लोक आपल्याकडे एक छान दुपार घालवायला येतात. तू फार दूरच्या देशातून आली आहेस. आमच्या जुन्या जखमा तुला कशा कळणार?"

प्रभाताई म्हणाल्या, "जखम ज्यांची आहे, त्यांनीच मला दाखवली."

पुढच्या महिन्यापासून कमिटीनं त्यांना बोलावणं बंद केलं. भांडण नाही, पत्र नाही. नुसतं गाईडांच्या पाळीत त्यांचं नाव येईनासं झालं. गाव लहान. प्रभाताईंच्या नवऱ्याचे, म्हणजे डॉक्टरांचे, काही जुने पेशंट दुसरीकडे जाऊ लागले आणि मेधाला वाढदिवसाची आमंत्रणं येईनाशी झाली. आपल्या लोकांचंही काही वेगळं नव्हतं. वॉशिंग्टनजवळच्या गणपतीच्या कार्यक्रमात एक काका त्यांना म्हणाले, "वहिनी, आपण इथे पाहुणे. यजमानाच्या घरातलं कशाला उकरायचं?" परतताना आम्ही सगळे एकाच गाडीत होतो. डॉक्टर म्हणाले, "तू गप्प बस, असं मी तुला सांगणार नाही. पण मेधाकडे बघून मला वाईट वाटतं." प्रभाताई म्हणाल्या, "मलाही वाटतं. रोज वाटतं."

मिस ओरांना एकच गोष्ट हवी होती. पेशन्सचा तो धाकटा भाऊ पुरला होता ती जागा एकदा पाहायची होती. जुन्या बर्फघराच्या, म्हणजे बर्फ साठवायच्या खोलीच्या मागे, सिडारच्या झाडांखाली, एवढंच आजीनं सांगून ठेवलं होतं. जमीन कमिटीच्याच ताब्यात. प्रभाताईंनी मिसेस कार्व्हरना फोन केला आणि त्यांनी, आश्चर्य म्हणजे, जाऊ दिलं. वसंत ऋतूतल्या एका सकाळी आम्ही तिघी गेलो. मिस ओरांना आम्ही दोन्ही बाजूंनी धरलं होतं. झाडीत शिरल्यावर जमिनीवर निळ्या फुलांचा वेल पसरलेला दिसला, आपल्या सदाफुलीसारखी फुलं. "थांबा," मिस ओरा म्हणाल्या. "हा वेल आमची माणसं थडग्यांवर लावायची." मग आमच्या डोळ्यांना दिसायला लागलं. जमीन जागोजागी खचलेली, माणसाच्या लांबीएवढी. उशाशी एकेक दगड, त्यावर ना नाव ना अक्षर. काही खाचा इतक्या लहान होत्या की मी तोंड फिरवलं. मिस ओरा एका दगडावर बसल्या आणि त्या वेलाकडे बघत हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत राहिल्या. कुठला खळगा आपल्या माणसाचा, हे त्यांना कळणार नव्हतं. त्यांनी सगळ्यांसाठीच म्हटलं असावं.

तेव्हापासून ती जागा झाडायला प्रभाताई नेमानं जायच्या. मिस ओरांच्या चर्चच्या बायका सोबत असायच्या. इथे माणसं पुरली आहेत एवढं सांगणारा एक साधा दगड तरी बसवा, म्हणून त्यांनी कमिटीला किती वेळा विनवलं. दरवेळी उत्तर एकच, पुढच्या मीटिंगला पाहू. मिस ओरा गेल्या, दगड बसला नव्हता. आम्ही न्यू जर्सीला आलो, दगड बसला नव्हता. मग प्रभाताईंना पोटाचा कॅन्सर निघाला.

शेवटची भेट गेल्या ऑक्टोबरातली. दिवाणखान्यातच हॉस्पिटलचा पलंग आणून लावला होता. हात माझ्या मुलीच्या हातांएवढे झाले होते. मेधा कॉलेज सोडून घरी आलेली. ती म्हणाली, "आई, वी कुड टेक यू देअर. आफ्टर. त्या सिडार्सपाशी." राख तिथे विसर्जित करू, असं तिला म्हणायचं होतं. प्रभाताईंनी मान हलवली. "नको. ती जागा त्यांची आहे. आजवर त्यांचं सगळं दुसऱ्यांनी घेतलं, तेवढी तरी मोकळी राहू दे." थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दगड नाही झाला गं." मी म्हटलं, "होईल, ताई." त्यांनी डोळे मिटले. त्यांना खोटं कधी खपायचं नाही. त्या दिवशी मात्र मला काही बोलल्या नाहीत...

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चर्चच्या बायका आल्या होत्या, मिसेस कार्व्हरही येऊन मागच्या खुर्चीत बसून गेल्या, असं मेधानं सांगितलं. मी चार दिवस राहिले. मोठ्या घरी मी गेले नाही, पाय वळले नाहीत. मागचं स्वयंपाकघर आता साफ करून तिथे भेटवस्तूंचं दुकान केलंय म्हणे. मध आणि मेणबत्त्या विकतात.

निघण्याच्या दिवशी डॉक्टर मला बसपर्यंत सोडायला निघाले. त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून प्रभाताईंची जुनी स्टेशनवॅगन काढली. महिनोन् महिने ती कुणी चालवली नव्हती. त्यांनी किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डमधला टेपरेकॉर्डर आपोआप सुरू झाला. प्रभाताईंचा आवाज आला. घर दाखवताना इंग्रजी अडखळू नये म्हणून त्या आपलं बोलणं कॅसेटवर भरून गाडीत ऐकायच्या, हे तोवर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं; बोलावणं बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी कॅसेट गाडीतच होती. शाळेतल्या बाईंसारखे सावकाश, स्पष्ट उच्चार. इथे हॅना रांधायची. त्या माळ्यावर ती आपल्या दोन मुलांना घेऊन झोपायची. या, सगळे आत या. पायरी जपून, झिजलेली आहे.

माझा हात बटणाकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "असू दे."

दारासमोर गाडी चालू ठेवून आम्ही बसून राहिलो. बस चुकणार हे दोघांनाही कळत होतं. कॅसेटची ती बाजू संपून खट्ट आवाज होईपर्यंत डॉक्टरांनी गिअर टाकला नाही.